आखाजीचा बार

नवलला देवाने सगळं दिलं होतं. सहा फूट उंची दिली, धान्याचं पोतं एका दमात गिरणीच्या ओट्यावर फेकणारे खांदे दिले, वर गरीब स्वभावही दिला. फक्त अचानक होणारा मोठा आवाज सोसायची ताकद द्यायची राहून गेली. पिठाच्या गिरणीचा घरघराट दिवसभर चालायचा, त्याचं त्याला काही नव्हतं. पण दिवाळीत पोरांनी लवंगी लावली की हा धिप्पाड गडी कानात बोटं घालून गल्ली बदलायचा. आणि नेमक्या अशा माणसाच्या घरात गावच्या बंदुकीचा मान होता.

चिंचटेक हे साक्रीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं गाव. तिथे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दिवस कलता कलता बारागाड्या ओढतात. बैल सोडलेल्या बारा गाड्या एकीमागे एक बांधायच्या, त्यांवर मावतील तेवढी माणसं चढवायची, आणि वेशीपासून मरीमायच्या ओट्यापर्यंत त्या एकट्या भगताने ओढत न्यायच्या. शालिग्राम भगत त्यासाठी पाच दिवस उपास करतो. अंगाला हळद लावून तो पहिल्या गाडीचं जू धरून उभा राहतो, पण बार ऐकल्याशिवाय पाऊल उचलत नाही. हा बार नवलच्या वडिलांच्या, नथ्थूनानांच्या, घरच्या चकमकीच्या बंदुकीचा. तिला काडतूस नाही की काही नाही. तोंडातून दारू ओतायची, कागदाचा बोळा गजाने ठासायचा, आणि घोड्याच्या जबड्यात बसवलेली गारगोटी पोलादी पट्टीवर आपटून ठिणगी पाडायची. गोळी तिच्यात कधीच घालत नाहीत. नुसता आवाज आणि धूर, पण तो आवाज झाला की गाव हलतं.

गेल्या आखाजीला मात्र गाव हललं ते हसून. नानांना सत्तरी उलटून चार वर्षं झालेली, हाताला कंप सुटलेला. रंजक म्हणजे वरची बारीक दारू. ती बंदुकीच्या कानाशेजारच्या, म्हणजे नळीत आग नेणाऱ्या भोकाशेजारच्या, इवल्याशा वाटीत घालायची, तर नानांच्या हातून ती निम्मी धोतरावर सांडायची. चार वेळा घोडा पडला आणि चारही वेळा फुस्स झालं. तोवर शालिग्राम भगत उन्हात जू धरून अर्धा तास ताटकळला. शेवटी डीजेवाल्या कुंदनने आपल्या गाडीवरचा भोंगा वाजवला, तसं अख्खं माळरान खिदळलं. पाचव्यांदा बार उडाला खरा, पण तो कुणी ऐकलाच नाही.

यात्रा कमिटी बसली. नानांचा अपमान करायचा कुणाच्या मनात नव्हतं, त्यामुळे ठराव अगदी गोड शब्दांत झाला. अजून एक वर्ष बंदूक राहील. तीन वेळा घोडा पाडायचा. तिसऱ्यांदाही बार उडाला नाही तर भगताने भोंग्यावर निघायचं आणि पुढच्या वर्षापासून मान कायमचा भोंग्याकडे. नाना घरी आले ते थेट पडवीत जाऊन झोपले. जेवायलाही उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवलला बोलावलं. ‘‘मन्हा हात आते ऐकतस नहीत. बंदूक तू धर.’’

नवलने मान खाली घातली. ‘‘नाना, माले जमाव नही. तुम्ही सांगशात ते कराव, पण हाई नको.’’

चुलीपाशी भाकरी थापणारी त्याची बायको दिपमाला हे ऐकत होती. माहेर जळगावच्या मेहरूणचं, नोकरी एसटीत कंडक्टरची. साक्री ते धुळे आणि धुळे ते साक्री. माणूस पायरीवर चढतो न चढतो तोच डबल बेल देणारी म्हणून ती अख्ख्या रस्त्यावर प्रसिद्ध होती. सुट्टे नाहीत म्हणणाऱ्याला ती एका वाक्यात रडकुंडीला आणायची. गेल्या आखाजीला कुंदनचा भोंगा वाजला तेव्हा तिच्या जिभेवर जे आलं होतं, ते सासऱ्यासमोर बोलण्यासारखं नव्हतं म्हणून तिने गिळलं होतं. आता गप्प राहिली असती तर ते वर्षभर घशात अडकून बसलं असतं.

‘‘मी उडवते,’’ ती पिठाच्या हातानेच पुढे आली.

नानांनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, ‘‘तू? तुले ते भाकर उलटाले बी धीर नही.’’

हे खरंच होतं. तव्यावरची भाकरी त्या क्षणी कच्चीच उलटलेली होती. पण दुसरं कुणी पुढे येत नव्हतं, आणि दिपमाला एकदा पुढे आली की मागे सरत नाही, हेही नानांना ठाऊक होतं. परवान्यावर तिचं नाव चढवायला दोघांनी धुळ्याला चार खेपा घातल्या. शेवटच्या खेपेला साहेबांनी विचारलं, बाई, बंदूक चालवता येते का? दिपमाला म्हणाली, येईल. साहेब हसले आणि त्यांनी सही केली.

शिकवणी सुरू झाली ती गावाबाहेरच्या कोरड्या नाल्यात, तिच्या सुट्टीच्या दिवशी. समोर उंच मातीची दरड, मागे-पुढे चिटपाखरू नाही. दिपमालाने मनात दारू, धूर, धडाका असं सगळं रंगवलं होतं. नानांनी दारूची पिशवी घरीच ठेवली होती.

‘‘आधी ठिणगी,’’ ते म्हणाले.

तीन रविवार नुसती ठिणगी. गारगोटी कशी निवडायची, तिची धार वरच्या बाजूला की खालच्या, जबड्यात चामड्याचा तुकडा घालून ती कशी आवळायची. शेतात पायाखाली येतात त्या सगळ्याच गारगोट्या चालत नाहीत. पांढरट, दुधी असते ती ठिसूळ. मधाच्या रंगाची, काचेसारखी फुटणारी असते ती खरी. दिपमाला बसच्या थांब्यावर उतरली की चहाऐवजी गारगोट्या शोधू लागली. ड्रायव्हरने तिला डोक्यावर परिणाम झालाय का, असं दोनदा विचारलं.

चौथ्या रविवारी रंजक आली. नुसती वाटीत, नळी रिकामी. घोडा चढवला, चाप ओढला, आणि डोळ्यापासून वीतभर अंतरावर भक्कन जाळ झाला. दिपमालाने किंचाळून मान फिरवली आणि बंदुकीचं तोंड थेट नानांच्या पायांकडे वळलं.

नाना जागचे हलले नाहीत. पण त्यांचा आवाज कधी नव्हे एवढा चढला. ‘‘नळी भरेल ऱ्हाती ते मन्हा पाय गया व्हता! डोया कसाले मिटस?’’

‘‘नाना, जाळ होतो ना तोंडासमोर!’’

‘‘जाळ व्हवालेच पाहिजे. ऐक मी काय सांगस.’’ त्यांनी तिला दरडीच्या सावलीत बसवलं. चकमकीच्या बंदुकीत दोन आगी असतात, ते सांगू लागले. पहिली वाटीतली, ती आपल्याला दिसते. दुसरी नळीतली, ती कानाच्या भोकातून आत जाते आणि मग बार उडतो. दोन्हींच्या मध्ये थोडा वेळ जातो. कधी पापणी लवण्याएवढा, कधी दोन श्वासांएवढा. माणसं काय करतात, वाटी पेटली आणि आवाज नाही आला की फुसका गेला म्हणून बंदूक खाली घेतात. आणि नेमका तेव्हा उडतो.

‘‘मंग काय करायचं?’’

‘‘काहीच करानं नही. उभं ऱ्हावानं. नळी नालाकडे, आन साठलोंग मोज. साठ व्हतीन तव्हयच हात लाव.’’

काहीच न करता साठपर्यंत मोजणं हे दिपमालाला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. साठ आकड्यांत ती अर्ध्या बसची तिकिटं फाडायची. पहिल्यांदा ती एकोणीसवर थांबली, दुसऱ्यांदा तिने पस्तीसनंतर एकदम पन्नास गाठलं. नाना मान हलवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावायचे. मग त्यांनी नवीनच टूम काढली. नळीवर, अगदी टोकाला, एक चिंचोका ठेवायचा आणि रिकामा घोडा पाडायचा. चिंचोका पडता कामा नये.

चिंचोका पडला. शंभरदा पडला. दिपमाला चिडली, चिंचोक्याला शिव्या देऊन झाल्या, चिंचेच्या झाडालाही देऊन झाल्या. नाना शांतपणे वाकून चिंचोका उचलायचे आणि परत ठेवायचे. कापऱ्या हाताने ठेवायचे, तरी तो नळीवर बसायचा. एक दिवस तिच्या लक्षात आलं की म्हाताऱ्याचे गुडघे दुखत असणार आणि तरी तो दर वेळी स्वतःच वाकतोय. त्या दिवसापासून तिने चिडणं बंद केलं. माघ संपता संपता चिंचोका नळीवरच राहायला लागला.

शेवटी खरा बार. खांद्याला धक्का बसला, दरडीची माती झरझर खाली आली, कान सुन्न झाले आणि नाला पांढऱ्या धुराने भरला. दिपमाला धुरात उभी राहून लहान पोरीसारखी हसत सुटली. नाल्याच्या वरच्या अंगाला बाभळीआड लपून बसलेल्या नवलने कानातली बोटं काढून विचारलं, ‘‘व्हयना का?’’ होळीपर्यंत असे अकरा बार तिने काढले आणि त्यांतले नऊ पहिल्या घोड्याला उडाले.

आखाजीच्या दिवशी सकाळपासून घरात आंब्याचा रस आणि सांजोऱ्यांचा वास. माहेरवाशिणींनी झाडांना झोके बांधलेले. आणि सगळ्यांत जास्त अंगात आलेलं होतं ते सुगंधाबाईंच्या. सुगंधाबाई म्हणजे दिपमालाची सासू. एवढी वर्षं नवऱ्याच्या बंदुकीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. नाना सकाळी बंदुकीच्या लाकडी दस्त्याला कुंकवाचं एक बोट लावायचे, तीच पूजा. पण यंदा सून बार उडवणार होती, तीही गावातली पहिली बाई. सुगंधाबाईंनी आळीतल्या नऊ बायका गोळा केल्या आणि ताट घेऊन त्या मरीमायच्या ओट्यामागे हजर झाल्या.

बार उडवायची जागा ओट्याच्या मागे. तिथून पुढे नाला आणि रिकामं रान, म्हणजे कुणाला इजा नको. दिपमालाने नळी भरून, बोळा ठासून बंदूक भिंतीला टेकवून उभी केली होती. रंजक अजून घालायची होती. नाना तेव्हा पाटील मंडळींशी बोलत पुढे उभे होते.

‘‘मन्ही सूनना पहिलाच बार शे, बिनपूजाना कसा उडी?’’ असं म्हणत सुगंधाबाईंनी बंदुकीला हार घातला. मग तेलात कालवलेला शेंदूर घेतला आणि दस्त्यापासून घोड्यापर्यंत झकास चोपडला. बायकांनी एकेक करून हळद वाहिली, कुंकू वाहिलं. शेवटी नारळ फोडला आणि पाणी बंदुकीवर शिंपडलं. दिपमालाने त्यांना अडवायला हात पुढे केला. पण सासू आयुष्यात पहिल्यांदा तिचा असा उघड उघड कौतुकसोहळा करत होती, डोळ्यांत पाणी होतं तिच्या. अशा वेळी कंडक्टरची जीभसुद्धा चालत नाही. नळीच्या तोंडात काही गेलं नाही ना, एवढं बघून तिने मनाची समजूत घातली, आणि बायका गेल्यावर पदराने वरवर पुसून वाटीत रंजक घातली.

वेशीवर हलगीचा जोर वाढला. भगताने जू धरलं. दहा हजार माणूस श्वास धरून उभं. सरपंचांनी माईकवरून ‘‘बार!’’ म्हणून आरोळी दिली.

दिपमालाने घोडा चढवला, चाप ओढला. खट्. गारगोटी तेलकट पट्टीवरून घसरली. एक ठिणगी नाही.

‘‘एक!’’ ओट्यावर चढलेल्या पोरांनी बोट दाखवताच कुंदनचा आवाज डीजेच्या कर्ण्यातून आला. कुणीतरी शिट्टी मारली.

नाना धावत ओट्यामागे आले. शेंदूर बघितला आणि त्यांनी कपाळावर हात मारला. दिपमालाने पदराच्या कोरड्या टोकाने पट्टी घासली, गारगोटी घासली, आणि लगेच, जरा लवकरच, घोडा पाडला. ठिणगी पडली. वाटीत जाळही झाला, लालभडक, फुरफुरता. आणि मग काही नाही.

‘‘दोन!’’

माळावर हशा उसळला. बंदूक खाली घ्यावी, फेकून द्यावी, नाल्यात उडी मारावी, असं सगळं एकाच वेळी दिपमालाच्या मनात आलं. पण नळी नाल्याकडेच राहिली. ती ओठांतल्या ओठांत मोजत होती. आठ, नऊ, दहा.

‘‘दे माले,’’ नानांनी हात पुढे केला. ‘‘सर बाजूले. बठ्ठा गाव हासी ऱ्हायना.’’

तिने त्या हाताकडे पाहिलं. तो कापत होता, आणि आता तर जास्तच. या हातात बंदूक गेली तर तिसरा घोडा वाया जाणार, आणि तो यांच्याच हातून गेला हे दुःख म्हातारा मरेपर्यंत उराशी धरून बसणार. दिपमालाला त्यांची माया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

‘‘नाना,’’ ती नाल्यावरची नजर न काढता म्हणाली, ‘‘तुम्ही पुढे जा. ओट्याच्या पायरीवर खुर्ची टाकलीय, तिथं बसा.’’

‘‘काय?’’

‘‘तुम्ही इथं असलात की मला घाई होते. जा तुम्ही. सत्तावीस, अठ्ठावीस...’’

बेचाळीस वर्षांत त्या जागेवरून नानांना कुणी हाकललं नव्हतं. त्यांनी धोतराचा सोगा झटकला आणि ते निघून गेले. त्यांची पाठ ओट्याच्या कोपऱ्याआड गेली. आज घरी गेल्यावर हा माणूस बोलणार नाही आपल्याशी, तिला वाटलं. पण अजून चाळीसच झाले होते.

साठ मोजून तिने बंदूक मांडीवर घेतली. कुंदन भोंगा तपासून बघत होता. मुद्दामच. ‘‘ओ कंडक्टरबाई, गाडी लेट झाली!’’ कुणीतरी ओरडलं. तिने ऐकलं नाही असं नाही. अंबाड्यातली पिन काढून तिने बंदुकीच्या कानात घातली, तर टोकाला कुंकवाचा ओला लगदा निघाला. अजून थोडा निघाला. अजून थोडा. सासूची सगळी माया त्या एवढ्याशा भोकात जाऊन बसली होती. पिन स्वच्छ येईपर्यंत ती टोचत राहिली. मग चिमटीने कणभर सुकी दारू त्या कानातून आत ढकलली. वाटी पुसली, फुंकली, परत पुसली. गारगोटी काढून कमरेच्या पिशवीतली नवी, मधाच्या रंगाची बसवली आणि चामड्यासकट आवळली. शेवटी वाटीत ताजी रंजक घातली. या सगळ्याला सात-आठ मिनिटं लागली. दहा हजार माणूस बोंबलत होतं आणि दिपमाला एखाद्या म्हातारीने तांदूळ निवडावेत तशी सावकाश काम करत होती. आपण घाईत नाही आहोत, याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

ती उभी राहिली. खांद्याला दस्ता, नाल्याकडे नळी. घोडा चढवला. डोळे उघडे.

चाप.

वाटी पेटली, पिवळी आणि स्वच्छ. आणि आवाज नाही. एक श्वास. माळावरून ‘‘ती...’’ एवढं ऐकू आलं. ती हलली नाही. दुसरा श्वास.

धडाड्!

डोंगराने तो आवाज उचलला आणि परत फेकला. पाठीमागे दहा हजार कंठ एकदम फुटले, हलगी बेभान झाली, आणि लाकडी चाकांचा घडघडाट वेशीकडून उठून जवळ येऊ लागला. दिपमालाला काहीच दिसत नव्हतं. धूर नाकातोंडात गेला होता, ती खोकत होती, हसत होती. धूर विरला तशी बंदूक घेऊन ती ओट्याला वळसा घालून पळाली, पण तोवर गाड्या थांबल्याही होत्या. नुसती धूळ तरंगत होती. भगताला लोकांनी खांद्यावर घेतलं होतं. सरपंच माईकवर ‘‘मान बंदूकना! मान बंदूकना!’’ म्हणून घसा फोडत होते. सुगंधाबाई ज्याला त्याला सांगत होत्या की आपल्या पूजेमुळे बार उडाला.

नाना पायरीवरच्या खुर्चीत बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंड अर्धवट उघडं, डोळ्यांतून घळाघळा पाणी. दिपमाला धावत जवळ गेली. ती खाली पायरीवर टेकली.

‘‘नाना, रागावलात? मी तुम्हाला असं घालवून द्यायला नको होतं. पण तेव्हा मला...’’

नानांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. ते अजून रस्त्याकडेच बघत होते.

‘‘बेचाळीस वरीस मी बार उडावा,’’ ते म्हणाले. ‘‘पण गाड्या कव्हयच देख्या नहीत.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘तठून दिसतस नहीत ना. आडे ओटा शे. बार उडस, धूर निवस, मी आठे येस तव्हलोंग गाड्या उभ्या. लोके सांगेत, नाना, यंदा जोरमा पयन्यात. मी म्हनू, हा.’’ त्यांनी उपरण्याने डोळे पुसले, पण पाणी थांबेना. ‘‘आज देख्यात, बेटा. काय पयन्यात व त्या!’’

दिपमालाने आधी त्यांच्याकडे, मग ओट्याकडे पाहिलं. एवढी वर्षं गावभर हिंडणाऱ्या, बोलणाऱ्या, भांडणाऱ्या या माणसाने हे कुणालाच कधी सांगितलं नव्हतं, आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. तिने तापलेली नळी मांडीवर आडवी घेतली. तीही आता ओट्यामागची झाली होती.

‘‘मला काहीच दिसलं नाही, नाना,’’ ती म्हणाली. ‘‘सांगा ना. पहिल्यापासून.’’

नानांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. ‘‘बार ऐकताच भगतनी मान वर करी,’’ त्यांनी सुरुवात केली, ‘‘आन त्यान्हा मांगे पहिली गाडी अशी हालनी...’’